घरच्या संगणकावरील अपडेट्स आपोआप होऊ द्यावीत की आपल्या हाती ठेवावीत?

अंत्रुजकन्या (फोंडा)

नमस्कार. आमच्या घरी एक डेस्कटॉप आणि एक लॅपटॉप असे दोन संगणक आहेत. डेस्कटॉपवर बाबा देवस्थान समितीचा जमाखर्च, महाजनांची यादी आणि अभिषेकाच्या पावत्या सांभाळतात. लॅपटॉप धाकट्या भावाच्या महाविद्यालयीन अभ्यासासाठी घेतलेला आहे. दोन्हींवर विंडोज ११ ची होम आवृत्ती असून अपडेटच्या सेटिंगला आम्ही आजवर हात लावलेला नाही.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री बाबा डेस्कटॉप बंद करायला गेले, तेव्हा त्याने आधी अपडेट बसवायला सुरुवात केली आणि ते अर्ध्यावर असतानाच वीज गेली. आमच्या इन्व्हर्टरवर फक्त दिवे आणि पंखे चालतात, त्यामुळे संगणक त्याच क्षणी बंद पडला. दुसऱ्या दिवशी तो सुरू केला, तेव्हा केलेले बदल मागे घेतले जात आहेत, संगणक बंद करू नका, अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर पडद्यावर बराच वेळ दिसत राहिला आणि वर ठिपक्यांचे वर्तुळ फिरत राहिले. शेवटी संगणक सुरू झाला आणि फायली सुखरूप निघाल्या. परंतु समितीचा वर्षभराचा हिशेब त्या एकाच डिस्कवर असल्यामुळे तेवढ्या वेळात बाबांच्या जिवाची जी घालमेल झाली, ती पाहवत नव्हती.

नंतर तपासणीसाठी आलेल्या गृहस्थांनी असे सांगितले की अपडेटमुळेच निम्मे संगणक बिघडतात, तेव्हा अपडेटची सर्व्हिस (म्हणजे पडद्यामागे चालून अपडेट आणणारा विंडोजचा भाग) कायमची बंद करून टाकणे बरे. मुंबईला बँकेच्या संगणक विभागात असलेल्या माझ्या आतेभावाने मात्र असे चुकूनही करू नका म्हणून बजावले. दोघांचेही या क्षेत्रात काम आहे, आणि सांगणे अगदी परस्परविरुद्ध. आपोआप होणाऱ्या अपडेट्समध्ये नेमका कोणता धोका असतो, ती आपल्या हाती घेतली तर कोणता धोका वाढतो, आणि आमच्यासारख्या घराने यातून काय निवडावे, हे जाणकारांनी कारणांसह समजावून सांगावे अशी विनंती आहे.

तिसवाडीकर (पणजी)

दोनच पर्याय असतील आणि त्यांतला एक निवडायचा असेल, तर मी निःशंकपणे आपोआप होणाऱ्या अपडेट्सचीच बाजू घेईन. परंतु सगळ्या अपडेट्सना एकच नियम लावण्याची सक्ती आपल्यावर नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम त्या रात्री काय घडले ते पाहू. विंडोजची मासिक अपडेट्स नव्या फायली आधी बाजूला तयार ठेवतात आणि संगणक बंद किंवा पुन्हा सुरू होताना त्या जुन्यांच्या जागी बसवतात. कुठवर काम झाले याची नोंद ठेवलेली असते, त्यामुळे मध्येच खंड पडला तर पुढच्या वेळी ती नोंद वाचून झालेले बदल मागे घेतले जातात. आपण पडद्यावर पाहिला तो मजकूर बिघाडाचा नव्हता. सावरण्याची क्रिया चालू असल्याची ती खूण होती. डिस्कवर लेखन चालू असताना वीज जाणे हे केव्हाही घातकच असते, मग ते अपडेटचे लेखन असो वा बाबांच्या हिशेबाची फाइल जतन होत असो. सत्तरी, सांगे, केपे यांसारख्या भागांत पावसाळ्यात झाडाची फांदी तारांवर पडली की वीज जाते, हे आपण सगळेच अनुभवतो. तेव्हा डेस्कटॉपला एक छोटा यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर काही वेळ संगणक बॅटरीवर चालू ठेवणारे उपकरण, जोडणे हा या प्रसंगावरचा खरा उपाय आहे. अपडेट बंद केल्याने वीज जाण्याचे काही थांबणार नाही.

आता सर्व्हिस कायमची बंद करण्याविषयी. विंडोजसोबत मिळणाऱ्या डिफेंडर या विषाणूरोधकाची रोजची माहितीसुद्धा नेहमीच्या मांडणीत याच मार्गाने येते, त्यामुळे ती सर्व्हिस बंद झाली की दार उघडे राहते आणि पहारेकरीही जुन्याच माहितीवर उभा राहतो. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधील फाइल-वाटपाच्या व्यवस्थेतील एक भगदाड बुजवणारे अपडेट दिले होते. १२ मे २०१७ रोजी, म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांनी, वॉनाक्राय हा खंडणीखोर (फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा) प्रोग्राम नेमक्या त्याच भगदाडातून जगभर पसरला आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील कित्येक रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. बाधित झालेले बहुसंख्य संगणक विंडोज ७ चे होते, म्हणजे ज्यांना ते अपडेट मिळू शकत होते पण बसवलेले नव्हते असे. कोणी चुकीची फाइल उघडण्याचीही त्याला गरज नव्हती. एका यंत्रावरून दुसऱ्यावर तो स्वतःच जात होता. २००३ च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा किडा (असाच स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्राम) पसरला, तेव्हाही त्यावरचे अपडेट जुलैतच येऊन पडले होते.

असे पुन्हा पुन्हा घडण्यामागे एक कारण आहे, आणि ते घरोघरी समजायला हवे असे मला मनापासून वाटते. अपडेट जाहीर झाले की हल्लेखोर जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून काय बदलले ते पाहतात. बदल कुठे झाला हे कळले की भगदाड कुठे होते हेही कळते. त्यामुळे ज्या दिवशी अपडेट येते, त्या दिवसापासून न बसवलेल्या संगणकाचा धोका पूर्वीपेक्षा वाढलेला असतो.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडतो, कारण अपडेट्समुळे लोकांचे नुकसान झालेले आहे. २ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज १० चे मोठे सहामाही अपडेट आले आणि काही जणांच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरांतील फायलीच नाहीशा झाल्या. ज्यांनी ही फोल्डर मूळ जागेवरून दुसऱ्या ठिकाणी वळवली होती आणि काही फायली जुन्या जागीही राहिल्या होत्या, त्यांचे जुने फोल्डर रिकामे समजून काढून टाकले गेले. काही दिवसांतच कंपनीने ते अपडेट मागे घेतले आणि दुरुस्त करून १३ नोव्हेंबरला पुन्हा दिले. पण यातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ते अपडेट त्या दिवसांत फक्त अशांनाच मिळत होते, ज्यांनी स्वतः सेटिंगमध्ये जाऊन अपडेट तपासण्याचे बटण दाबले होते. आपोआप वाटप ९ ऑक्टोबरपासून व्हायचे होते आणि ते होण्यापूर्वीच थांबवले गेले. म्हणजे ज्यांनी काहीच केले नाही ते बचावले. अपडेट हाती घेतले की आपण सुरक्षित झालो, असे गृहीत धरणाऱ्यांनी ही घटना जरूर लक्षात ठेवावी.

म्हणून माझे सांगणे असे आहे की सुरक्षेची मासिक अपडेट्स, ब्राउझर आणि डिफेंडर यांना आपोआप चालू द्यावे. विंडोजची मासिक अपडेट्स महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेतील सकाळी निघतात, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात. त्यामुळे आपल्या संगणकावर ती बहुधा बुधवारी पोहोचतात. धास्ती वाटत असेल तर विंडोज अपडेटच्या पानावर एक आठवड्याचा विराम देता येतो. तेवढ्यात एखादे अपडेट सदोष असेल तर बोभाटा होतोच. होम आवृत्तीत हा विराम पाच आठवड्यांपर्यंत वाढवता येतो, पण मी स्वतः एका आठवड्यापलीकडे जाणार नाही. महिन्याच्या अखेरीस येणारी ऐच्छिक अपडेट्स मात्र घेऊ नयेत. त्यांत सुरक्षेचे काही नवे नसते, आणि त्यांतील सुधारणा पुढच्या महिन्याच्या अपडेटमध्ये अधिक तपासून येतातच. त्याच पानावर नवी अपडेट्स सर्वांत आधी मिळवण्याचे जे बटण आहे, ते बंद ठेवावे.

हे सगळे करण्यापूर्वी बाबांच्या हिशेबाची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि प्रत झाली की ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. जोडून ठेवलेली डिस्क खंडणीखोर प्रोग्रामच्या तावडीत सापडते. लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवणारी बिटलॉकर ही विंडोजची सोय, चालू आहे का तेही पाहावे. जुलै २०२४ च्या सुरक्षा अपडेटनंतर काही संगणक सुरू होताना बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मागू लागले होते. ज्यांना ती मिळाली त्यांचे काम चालू राहिले. ज्यांना मिळाली नाही त्यांच्या फायली डिस्कवर असूनही त्यांना उघडता येत नव्हत्या. ही किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन असते. ती कागदावर उतरवून घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवावी.

बार्देशकर (म्हापसा)

वरील विवेचन मोलाचे आहे, पण संगणकावर ज्यांची रोजी-रोटी चालते त्यांची बाजू त्यात पुरेशी आलेली नाही असे वाटते, म्हणून लिहितो.

मी घरूनच अक्षरजुळणीचे काम करतो. लग्नपत्रिका, आरत्यांच्या पुस्तिका, जत्रोत्सवाची पत्रके, देवस्थानांचे वार्षिक अहवाल अशी कामे असतात. त्यांतील बरीचशी जुनी कामे युनिकोडपूर्व काळातील मराठी फॉन्टमध्ये बसवलेली असून तो फॉन्ट-प्रोग्राम यूएसबीला डोंगल (परवान्याची किल्ली असलेले छोटे उपकरण) लावल्याशिवाय चालत नाही. चतुर्थीच्या आधी आरत्यांच्या पुस्तिकांची घाई असताना एका सकाळी संगणकावर विंडोजची नवी वार्षिक आवृत्ती बसलेली दिसली आणि प्रोग्रामला डोंगल ओळखता येईना. छापखान्यात कागद येऊन पडला होता, गिऱ्हाइके फोन करत होती आणि मला एक ओळ जुळवता येत नव्हती. मागच्या आवृत्तीवर परत जाण्याची सोय दहा दिवसांपर्यंत असते, त्यामुळे काम निभावले. परंतु माझ्या संगणकावर केव्हा काय बदलावे हे मला विचारल्याशिवाय ठरू नये, एवढी अपेक्षा गैर आहे का?

छपाईवाल्यांच्या वाट्याला हे वरचेवर येते. मार्च २०२१ च्या मासिक अपडेटनंतर काही कंपन्यांच्या प्रिंटरला छपाईचा आदेश दिला की संगणक निळा पडदा दाखवून कोसळत असे, आणि ते तर सुरक्षेचेच अपडेट होते. पुढे जुलै २०२४ मध्ये एका अपडेटमुळे जगभरची विमानतळे आणि बँका अडल्या, आपल्या देशात प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. इतक्या मोठ्या संस्थांना ज्याचा फटका बसतो, ते आमच्यासारख्यांनी डोळे मिटून का स्वीकारावे? माझी पद्धत अशी आहे की हातातील काम संपले, गिऱ्हाइकाला माल पोहोचला आणि सगळ्या फायलींची प्रत निघाली की मग मी निवांतपणे बसून अपडेट घेतो.

सत्तरीकर (वाळपई)

बार्देशकरांची पद्धत शिस्तीची आहे आणि ती ते पाळतात यात शंका नाही. मात्र मी शाळेत शिकवतो आणि विद्यार्थ्यांच्या घरचे संगणक पाहण्यात येतात, त्यावरून सांगतो की ‘नंतर घेऊ’ म्हणून ठेवलेली अपडेट्स बहुतेक घरांत घेतलीच जात नाहीत. विंडोजऐवजी वापरता येणारी लिनक्स मिंट ही प्रणाली अपडेटचा निर्णय नेहमीच वापरकर्त्यावर सोपवत आली आहे. तिच्या वापरकर्त्यांना आपण बरेच जाणकार समजतो. तरीही फेब्रुवारी २०२१ मध्ये तिच्या विकसकांनाच असे जाहीरपणे लिहावे लागले की अनेक जण अपडेट्स वेळेवर लावत नाहीत, काही जण तर मुदत संपलेल्या आवृत्तीवर आहेत, आणि कृपया आपले संगणक अद्ययावत करा.

याहून साधे उदाहरण विनरारचे. फायली आकसून एकत्र बांधणाऱ्या आणि घरोघरी असलेल्या या प्रोग्रामला स्वतःहून अपडेट होण्याची सोय नाही. २०२३ च्या एप्रिलपासून हल्लेखोर त्यातील एका दोषाचा वापर करत होते. ऑगस्टमध्ये ६.२३ ही दुरुस्त आवृत्ती आली, पण ती ज्याने त्याने स्वतः जाऊन उतरवून घ्यायची होती. आपल्या संगणकावर कोणती आवृत्ती आहे हे आज किती जणांनी पाहिले असेल?

आमच्या भागात आणखी एक अडचण आहे. पुष्कळ घरांत मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालतो आणि डेटा वाचवण्यासाठी ते कनेक्शन ‘मीटर्ड’ म्हणून ठेवलेले असते. अशा कनेक्शनवर विंडोज बहुतेक अपडेट्स उतरवत नाही. घरच्यांना वाटते की सगळे आपोआप चालू आहे, प्रत्यक्षात महिनोन् महिने काहीच आलेले नसते. ज्यांच्याकडे हॉटस्पॉट आहे त्यांनी महिन्यातून एकदा फायबर असलेल्या नातेवाइकांकडे लॅपटॉप नेऊन सगळी अपडेट्स उतरवून घ्यावीत.

ज्यांच्याकडे अजून विंडोज १० आहे, त्यांच्यासाठी तर हा वादच वेगळा आहे. त्या प्रणालीचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांनी वाढीव सुरक्षा अपडेट्ससाठी नावनोंदणी केली, तरच ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात.

तिसवाडीकर (पणजी)

बार्देशकर, आपला त्रास खरा आहे आणि आपली अपेक्षाही रास्त आहे. वार्षिक आवृत्ती केव्हा घ्यायची हा निर्णय आपलाच असायला हवा, आणि २०१९ पासून होम आवृत्तीतही तो बऱ्याच अंशी वापरकर्त्याकडे आलेला आहे. चालू आवृत्तीची मुदत संपत येईपर्यंत पुढची आवृत्ती सहसा लादली जात नाही. विंडोज ११ होमच्या प्रत्येक आवृत्तीला २४ महिने सुरक्षा अपडेट्स मिळतात, तेव्हा आपली आवृत्ती कोणती आणि तिची मुदत कधी संपते हे पाहून चतुर्थी आणि लग्नसराई टळेल असा एखादा मोकळा आठवडा निवडता येईल. डोंगलवर चालणाऱ्या जुन्या कामांसाठी मी एक जुना संगणक वेगळा ठेवला असता आणि त्याला इंटरनेट अजिबात जोडले नसते. त्यावर फायली नेण्या-आणण्यासाठी वापरायचा पेन ड्राइव्ह आधी मुख्य संगणकावर तपासून घ्यावा. असा संगणक अपडेटविना ठेवता येतो. ईमेल आणि बँकेचे व्यवहार करणारा नाही.

मार्च २०२१ चा दाखला बरोबर आहे, आणि त्याची दुरुस्ती आठवड्याभरात आली होती. पण त्याच वर्षीच्या जुलैमध्ये छपाईच्या रांगा सांभाळणाऱ्या सर्व्हिसमध्येच प्रिंटनाइटमेअर हे गंभीर भगदाड उघडकीस आले आणि मायक्रोसॉफ्टला दुसऱ्या मंगळवारची वाट न पाहता अपडेट द्यावे लागले. मार्चच्या अनुभवाने ज्यांनी अपडेट्स कायमची बंद केली होती, त्यांना हे जुलैचे अपडेट मिळाले नसणार. आठवडाभर थांबणारा दोन्ही वेळी फार मोठ्या जोखमीत पडला नसता.

१९ जुलै २०२४ च्या घटनेविषयी एक दुरुस्ती करतो. ते विंडोजचे अपडेट नव्हते. क्राउडस्ट्राइक या कंपनीचा सुरक्षा-प्रोग्राम मुख्यतः मोठ्या संस्था वापरतात, त्याच्या माहितीच्या फाइलमधील दोषाने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. घरगुती संगणकांवर तो प्रोग्राम सहसा नसतो. मात्र त्यातून घेण्यासारखे काही आहे: ती फाइल सगळ्यांना एकाच वेळी पाठवली गेली. टप्प्याटप्प्याने दिली असती तर पहिल्या काही संगणकांवरच दोष कळला असता.

अपडेटच्या वाटेनेच घातक प्रोग्राम येणे हाही धोका आहे, आणि त्याचे भय मला सदोष अपडेटपेक्षा अधिक वाटते. जून २०१७ मध्ये युक्रेनमधील एका हिशेब-प्रोग्रामच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा विध्वंसक प्रोग्राम पसरला. त्याच वर्षी संगणकाची साफसफाई करणाऱ्या सीक्लीनर या प्रोग्रामची ५.३३ ही आवृत्ती मूळ संकेतस्थळावरूनच दूषित होऊन सुमारे २२.७ लाख संगणकांवर गेली. मोफत आवृत्तीवाल्यांनी तर ती स्वतःच्या हाताने उतरवली होती. यावर घरगुती उपाय एवढाच की संगणकावरील प्रोग्रामांची संख्या कमी ठेवावी आणि न लागणारे काढून टाकावेत. संकेतस्थळ पाहताना ‘आपला ब्राउझर जुना झाला आहे, येथे दाबा’ अशी पाटी आली, तर ती खिडकी बंद करावी. ब्राउझरचे खरे अपडेट त्याच्या स्वतःच्या मेनूतून येते.

अंत्रुजकन्या (फोंडा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सर्व्हिस बंद करायची नाही हे घरात ठरले. बाबांच्या हिशेबाची प्रत आज वेगळ्या डिस्कवर घेतली, आणि लॅपटॉपची ४८ अंकी किल्ली भावाने खात्यातून शोधून कागदावर उतरवली. यूपीएस या आठवड्यात आणणार आहोत.

एक शंका राहिली. डेस्कटॉपच्या ऐच्छिक अपडेट्सच्या यादीत ‘फर्मवेअर’ असे लिहिलेले एक अपडेट दिसत आहे. ते मासिक अपडेट्ससारखेच समजून घ्यावे का?

तिसवाडीकर (पणजी)

नाही, आणि आपण विचारलेत हे फार बरे झाले. फर्मवेअर म्हणजे विंडोजच्याही आधी संगणक सुरू करणारा प्रोग्राम, आणि तो मदरबोर्डवरील (संगणकाच्या मुख्य पाटीवरील) चिपमध्ये लिहिला जातो. ते लिहिताना वीज गेली तर विंडोजसारखे बदल मागे घेणे प्रत्येक बोर्डाला जमत नाही आणि संगणक सुरूच न होण्याची शक्यता असते. पुष्कळ लॅपटॉप बॅटरी पुरेशी भरलेली आणि चार्जर जोडलेला असल्याशिवाय असे अपडेट सुरूच करत नाहीत, पण डेस्कटॉपला ही सोय नसते. आधी मदरबोर्ड बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर त्यात काय दुरुस्त केले आहे ते वाचावे. सुरक्षेची गंभीर दुरुस्ती असेल तर ते टाळू नये. यूपीएस जोडून, त्याची बॅटरी पूर्ण भरू देऊन, निरभ्र हवेच्या दिवशी सकाळी बसवावे. केवळ किरकोळ सुधारणा असतील तर पावसाळा संपेपर्यंत थांबायला हरकत नाही.